पाणी कुठं मुरतं

पत्रकाचा तिसरा मसुदा. स्वयंपाकघरातलं टेबल,
गार झालेला चहा, एका दांडीचा चष्मा.
नाव: हेस्टर प्रॉबर्ट. वय: लिहावं का?
काम: एकतीस वर्षं शाळेची बस चालवली.
तेवढं पुरे. ऑल्डरकोटमध्ये चाळिशीच्या आतलं
जे कोणी आहे, त्याच्यावर मी कधी ना कधी ओरडले आहे,
हात आत घे म्हणून.

गाव वाढतंय. वाढू नये असं मी म्हणत नाही,
जरी पहिल्या मसुद्यात म्हटलं होतं.
पहिल्या मसुद्यात कुरण होतं, चंडोल होते,
चर्चमागचा सूर्यास्त होता,
आणि 'आपलं' हा शब्द अकरा वेळा.
मोजले ग्विलिमनं. माझा नवरा बोलत नाही, मोजतो.

मग दारं ठोठावायला निघाले.
उंबरठे झिजवणं म्हणतात, झिजले माझेच गुडघे.
जुन्या आळीत सगळ्यांनी आत बोलावलं,
सगळ्यांनी एकच सांगितलं: आता बस झालं, हेस्टर.
दोनशे चाळीस घरं झाली, आणखी नव्वद मंजुरीला,
डॉक्टरची वेळ तीन आठवड्यांनी मिळते,
पाचवीचा वर्ग पत्र्याच्या डब्यात भरतो.
खरंच होतं. मी मान डोलावली, बिस्किटं खाल्ली.

'चंडोल कुरण' नावाच्या नव्या वसाहतीत
चंडोल नाही, कुरणही नाही.
जे गेलं त्याचं नाव पाटीवर लावायची
बिल्डरांची रीत सगळीकडे एकच असावी.
सत्तावीस नंबरचं दार एका तरुणीनं उघडलं,
खांद्यावर बाळ, बाळाच्या मुठीत तिचे केस.
पत्रक तिनं उभ्या उभ्या वाचलं, शेवटपर्यंत.
असं कोणी वाचत नाही.
मग म्हणाली, आवाज न चढवता,
"ज्याच्यापासून गाव वाचवायचंय
ते म्हणजे हे घर ना?"

मी काही बोलायच्या आत तिचे मोजे दिसले.
ओले. डिसेंबरपासून
तळमजल्याच्या संडासातून पाणी उलटं येतं.
कंपनी म्हणते नळ कौन्सिलचा, कौन्सिल म्हणते कंपनीचा.

तो वास मला ओळखीचा होता.
एकाहत्तर साली, सहा वर्षांची मी,
आईचं बोट धरून अशाच एका नव्या घरात आले होते,
कौन्सिलनं बांधलेल्या, लिम लेनच्या टोकाला.
आमच्याविरुद्ध गावानं अर्ज केला होता,
एकशे बारा सह्या. सभागृहाच्या कपाटात आहे अजून.
सहावी सही ग्विलिमच्या आईची.
लग्नात तिनं मला चांदीचे चमचे दिले.
त्या सहीबद्दल आम्ही दोघी कधीच बोललो नाही.

एकतीस वर्षं धुक्यात, चिखलात बस हाकली,
पाणी कुठं मुरतं ते मला ठाऊक आहे,
टोमणा म्हणून नाही, खरोखर ठाऊक आहे:
हॉजच्या गोठ्यामागे, पुलाच्या डाव्या अंगाला,
आणि ओढ्याकाठच्या त्या पडीत,
जिच्यावर आता नव्वद घरांचा आराखडा आहे,
सुबक, रंगीत, आणि चारी बाजूंनी कोरडा.

तर तिसरा मसुदा. चंडोल काढले.
आधी पंपिंग स्टेशन, मग घरं.
ओढ्याची पड ओढ्याकडेच राहू दे,
फेब्रुवारीत तो ती मागायला येतोच,
कुणाची मंजुरी न घेता.
घरं हवीत तर रेल्वेच्या जुन्या आवारात बांधा,
आणि गावच्या पोरांना परवडतील अशी बांधा.
सातची बस परत सुरू. लागली तर मी चालवीन.
हे ग्विलिमनं खोडलं. मी पुन्हा लिहिलं.
झुडपांची कुंपणं... ते उद्या लिहीन.
'आपलं' एकदाच आलंय, आणि तेही सांडपाण्याबद्दल.

उमेदवारीच्या अर्जावर दोन सह्या लागतात.
एक ग्विलिमची झाली.
दुसरीसाठी जुन्या आळीत दहा जण तयार आहेत.
मी रबरी बूट घातलेत, पाना घेतलाय,
आणि सत्तावीस नंबरकडे निघालेय.
मतासाठी नाही, असं म्हटलं तर खोटं होईल.
तिचं नाव विचारायचंच राहिलं होतं.